तेरावं मिनिट, सदतिसावा सेकंद

इंग्रजी यादीत एकच शब्द : ग्रेट.
थोर नव्हे.
थोराचं स्पेलिंग निराळं,
देवनागरीत मात्र दोघांचं तोंड सारखंच.

पडद्यावर एक म्हातारा लोखंडी फाटक ओढतो.
त्याखालच्या चौकटीत मला लिहायचंय,
बत्तीस अक्षरांच्या आत,
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.
गोरेगाव, काचबंद खोली, मिनिटाला पंचेचाळीस रुपये.

कोश उघडला तर एका दारामागे किती बिऱ्हाडं :
नारळ किसणं. शेगडीची जाळी. गटाराची जाळी,
(ताडदेवला जिच्यात माझी टाच अडकली होती
आणि एक भेळवाला मला सोडवताना सारखा सॉरी म्हणत होता,
जणू गटार त्याचंच).
मग कानाला लागणं.
मग, अगदी शेवटी, बारीक टायपात, मनाला लागणं.

आपल्याकडे एवढा पसारा एका शब्दावर टाकत नाहीत.
आपले आवाज जोडीने हिंडतात :
पाळणा कुरकुरतो, पोर किरकिरतं,
घसा खरखरतो,
आणि नव्या कोल्हापुरीची करकर तर
लोक मुद्दाम तेल न घालता लग्नात मिरवतात.
मी लिहिलं : फाटक करकरतं.
आणि जेवायला गेले.

परत आले तर लाल शेरा.
सिल्वेस्टर किणी, मनोरीचा, जन्मापासून बहिरा,
आमच्या प्रत्येक ओळीवरचा शेवटचा डोळा.
«करकर वाचली. कुठे लागते?»

कानाला, मी लिहिलं.
त्याने दोन्ही कान धरून हलवले, बाजारातली वांगी दाखवावीत तसे,
आणि लिहिलं, «हे शोभेचे आहेत.»

मग मला हाताला धरून खाली नेलं.
जयंतीभाई दुकान बंद करत होते.
शटर अर्ध्यावर अडलेलं, गंजलेलं, ओढून ओढून येईना.
सिल्वेस्टरने माझा तळवा पत्र्यावर दाबला.
वर मेट्रोचं काम, मागे रिक्षांचे हॉर्न,
मी तर सगळंच ऐकत होते
आणि इतकी वर्षं यातलं काहीच मला माहीत नव्हतं :
मनगटातून कोपरात, कोपरातून जबड्यात
काहीतरी चढलं, आणि दाढा एकमेकींपासून दूर सरकल्या.
जयंतीभाई म्हणाले, बेन, हात चेपायचा.
सिल्वेस्टर हसत होता, बिनआवाजी, सगळे दात दाखवून.
खिशातल्या कागदावर त्याने लिहिलं :
«दात आंबतात. तो.»

वर येऊन मी चौकटीत भरलं :
फाटक. दात आंबतात.
क्लायंटचा मेल संध्याकाळी आला.
वर्णन आवाजाचं असावं, दातांचं नको.
करकर परत घातली. पैसे त्याचेच मिळतात.

पण एकेचाळिसाव्या मिनिटाला तोच म्हातारा
खाटेवर पडून मुलाला काहीतरी सांगतो,
आणि यादीत पुन्हा तोच शब्द, आता आवाजासाठी.
घोगरा लिहिता आला असता.
घरघर तर जिभेवरच होती,
पण ती मला नायर हॉस्पिटलच्या एका रात्रीपासून लिहवत नाही.
चौकट कोरी ठेवून मी त्याला पाठवली.

तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.
म्हाताऱ्याचे ओठ मागे नेऊन, पुढे नेऊन, पुन्हा मागे.
मग उजवा तळहात उघडून पाहिला.
तिथे एक जुनी रेघ आहे, ती नशिबाची नव्हे,
बापाबरोबर जाळं ओढतानाची.
बाप गेला त्या रात्री त्याने तोच हात
बापाच्या छातीवर ठेवला होता, हे त्याने मला
पूर्वी एकदा सांगितलंय, कागदाशिवाय, नुसत्या बोटांनी.

चौकटीत त्याने लिहिलं :
ओला दोर तळहातातून सरकतो.

मी अक्षरं मोजली.
बसत होती.
मेल पाठवून दिला,
आणि क्लायंट काय म्हणतो ते पाहायला
त्या दिवशी थांबले नाही.