बारीक अक्षरं

मकरपुऱ्यात, पॅनेलचं दार उघडं टाकून
शितोळेबाई फ्यूज बोटांत फिरवतात.
त्रेसष्ट अँपिअर, ते काय, कुणीही वाचेल.
त्या चष्मा कपाळावर सारून
खालची ओळ शोधतात:
किती किलोअँपिअरपर्यंत गप्प करेल हा?

सप्लायरचा पोरगा म्हणतो,
बेन, बेउ सरखा ज छे.

भिंतीपलीकडे गेल्या महिन्यात
नवा ट्रान्सफॉर्मर बसलाय, जुन्याच्या दुप्पट.
त्याची गुरगुर चहाच्या कपात उमटते.
फ्यूज मात्र तेच मागवलेत, जुन्या यादीतले.

वितळणं कुणालाही जमतं रे, बाई म्हणतात,
वितळल्यावर उसळलेला जाळ
गिळायला पोटात वाळू लागते,
गच्च.

आणि कानाशी नेऊन हलवतात,
नारळ हलवावा तसा.

खुळखुळतो.

पोरगा खोका उचलतो, न बोलता.