छत वाजवून पाहणे

माफेटेंगच्या दवाखान्यात हीटर दोनच.
त्यातला एक मी बंद केला आहे.
त्याची घरघर माइकला ऐकू येते,
आणि घरघर कुणाची, हे माइकला कळत नाही.

न्टाटे त्सोकोलो स्टुलावर बसतात,
कांबळं खांद्यावरून कमरेपर्यंत उतरवतात
परक्या बाईसमोर उतरवावं तसं, हळूहळू.
मागच्या खेपेला त्यांना नळीत फुंकायला सांगितलं होतं,
जोरात, अजून जोरात, थांबू नका,
आणि ते खोकत खोकत फरशीवर बसले होते.
यंत्रानं छापलं : प्रयत्न अपुरा.
सव्वीस वर्षं सोन्याच्या खाणीत,
आणि प्रयत्न अपुरा.

आज फुंकायचं नाही काही.
गळ्याच्या खळगीत एक बटण चिकटवते,
पाठीवर चार, बरगड्यांच्या मधल्या जागी.
"नेहमीसारखा श्वास घ्या," म्हणते,
तर नेहमीसारखा म्हणजे कसा, हेच त्यांना आठवेना.

पडद्यावर रेघ चढते, उतरते.
आवाजाच्या उंचीवरून हवेचं माप निघतं.
सुई नाही, नळी नाही.
हेडफोनमध्ये मात्र, श्वास भरत येतो तिथे, अगदी टोकाला,
कानाशी केस चोळावेत तसं बारीक चुरचुरतं.
मी माझा श्वास धरून बसते,
त्यांच्यात मिसळू नये म्हणून.

मध्येच रेघ सपाट.
सहा सेकंद. आठ.
"न्टाटे?"

डोळे मिटूनच हसतात ते.
"सवय, मुली. स्फोटानंतर पहिल्यांदा आत शिरायचो
तेव्हा सगळे असेच थांबायचो.
मग लोखंडी पहारीनं छत ठोकायचं.
खणखणलं, तर काम.
बद्द वाजलं, की पळ.
फोडून बघायची सोय नव्हती.
फोडलं तर अंगावरच."

बोटाच्या पेरानं ते स्टुलाचं लाकूड वाजवतात,
मग स्वतःची छाती. उजवीकडे, खाली.
आम्ही दोघंही ऐकतो.

बाहेर कुणाचा तरी घोडा फुरफुरतो
आणि पाचही रेघा एकदम उसळतात.
तेवढा तुकडा कापायचा असतो.
मी फाइलला तारीख देते, गावाचं नाव देते,
घोडा राहू देते.

कांबळ्याची पिन लावता लावता ते विचारतात,
"मग? काम, की पळ?"

मी पाठीवरचा शेवटचा माइक काढते आहे.
चिकटपट्टी सुटताना जे चुरचुरते,
तेही नोंदलं जातं.