गिलाव्यामागची नावं

बांधाच्या खाली, नदीच्या पातळीच्याही खाली
हे गाव. रस्त्यावरून आधी छपरं दिसतात,
मग नासपतीच्या बागा, मग शाळा:
लाकडी, दोन खोल्यांची, डावीकडे कललेली,
पंगतीत पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.
दारावर चार चिनी अक्षरं. एक वाळवीनं खाल्लंय.

मला बोलावलंय गिलाव्यासाठी.
माझ्याकडे सुरी, कुंचले, भिजवलेला चुना
आणि कॅलिफोर्निया राज्याचं मंजुरीपत्र:
'मूळ स्थितीत आणावे.'
कुठल्या मूळ स्थितीत, ते लिहिलेलं नाही.
शतावरीचे कोंब कापणाऱ्यांनी वर्गणी काढून
कँटनहून मास्तर आणले, तेव्हाच्या?
पुरात बाकं वाहून गेली, तेव्हाच्या?
की नंतरच्या, फळांच्या खोक्यांचं गोदाम होतं तेव्हाच्या?

विनिफ्रेड क्वॉक थर्मासमधून चहा आणतात. वय एक्याण्णव.
"इंग्रजी शाळा सुटली की इथं.
आधी कन्फ्यूशियसच्या तसबिरीपुढं वाकायचं,
मग वर्षभर एकच धडा:
नाव सरळ, तर माणूस सरळ.
आणि वर्गातली निम्मी पोरं खोट्या नावाची."

कायदा दार लावून बसला होता,
तेव्हा लोक कुणाच्या तरी कागदावरचे मुलगे होऊन आले.
परक्या घराच्या पायऱ्या मोजून पाठ केल्या,
बंदर दिसताच चिठ्ठी चावून गिळली.
क्वॉक हे आडनाव त्यांच्या वडिलांना
सोळाशे डॉलरला पडलं. हप्ते अकरा वर्षं.

मंगळवारी उत्तरेची भिंत.
हिरवा थर, पांढरा थर, वर्तमानपत्राचा कागद,
खाली कच्चा गिलावा, आणि माझ्या कमरेच्या उंचीवर
पेन्सिलीच्या उभ्या ओळी. सतरा.
विनिफ्रेडबाई खाली बसल्या. बसायला वेळ लागला.
बोट न लावता वाचत गेल्या.
"ही खरी आहेत," म्हणाल्या.
"मास्तरांनीच लिहून घेतली असणार.
वर खळ लावून कागदही त्यांनीच डकवला."
अकराव्या ओळीशी नुसते ओठ हलले.
थोरला भाऊ, एवढंच सांगितलं.

आमच्यात नाव ठेवतात, आणि नावंही ठेवतात.
नाव लावतात, काढतात, बुडवतात.
बुडतं म्हणजे होडीच ती,
माणूस तिच्यात बसून पलीकडे जातो.
माझं नवं नाव अंगठीनं लिहिलं होतं
ताटातल्या तांदळांत. सगळे वाकून बघत होते.
दुसऱ्या दिवशी त्या तांदळांचा भात झाला.
जुनं कुणी पुसलं नाही. नुसतं कुणी हाकारलं नाही.

समितीला हिरवाच रंग हवाय,
आणि देणगीदारांची पितळी पाटी नेमकी याच भिंतीवर.
मी विनिफ्रेडबाईंकडे बघितलं.
"उघडं नको," त्या म्हणाल्या. "पणतूच्या पासपोर्टवर क्वॉक आहे.
पण चुनाही फासू नकोस."

सुतारानं एक फळी बिजागरीवर बसवून दिली.
बाहेरून हिरवी. पाटी तिच्या शेजारी, जरा तिरपी.
अहवालात मी लिहिलं: उत्तर भिंत, दुरुस्त.

दारावरचं चौथं अक्षर अजून व्हायचंय.
ते काय होतं,
यावर गावात दोन मतं आहेत.