रकाना

रात्रीचे अडीच. कांजूरमार्ग, चौथा मजला.
कानात ओहायोतला कुणी डॉक्टर
दमलेल्या आवाजात सांगतोय, मी टाइप करतेय:
रुग्ण स्त्री, वय एकसष्ट.
नाव आम्हाला देत नाहीत. नावाच्या जागी काळी पट्टी.

राहते... पुढचा शब्द लागेना.
पायाखालचं पेडल दाबून तीनदा मागे नेलं.
केअर? कार?
कारच.
राहते गाडीत. इन्सुलिन निम्मंच टोचते, महिना पुरावा म्हणून.
गेल्या आठवड्यात तेही थंडीत गोठलं,
वाया गेलं.

माझ्या चुका तपासणारा निकुंज हसला:
गाडी आहे ना? मग कसली गरीब!
आमच्या अख्ख्या गल्लीत एक रिक्षा, तीही हप्त्यावरची.
मीही हसले.
खोटं कशाला सांगू, आधी हसलेच.
मग डॉक्टरने सांगितलेली कुपीची किंमत
रुपयांत मोडून पाहिली.
माझा महिन्याचा पगार, वर दोनशे.

आमचा फ्रिज बंद पडून दोन उन्हाळे झाले.
आईची बाटली असते पेडणेकरांकडे,
श्रीखंडाच्या डब्यात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी.
रोज दोनदा त्यांची बेल,
रोज दोनदा आईचं ते ओशाळं हसू,
"झोपला नव्हतात ना?"
पेडणेकरीण कधी काही बोलली नाही.
पण हल्ली दार उघडायला वेळ लागतो.

बर्फात उभ्या गाडीला
शेजार कुठला असतो, कोण जाणे.

मे महिन्यात इंदुमावशी आली होती, संगमेश्वरहून.
मोरीतल्या नळाखाली कोपरापर्यंत हात धरून
कितीतरी वेळ तशीच उभी.
म्हणाली, तुझं बरंय गो बाई. पाणी घरात, दवाखाना दारात.
तुला कसला आलाय त्रास?
आई गप्प. मावशीचंही खोटं नव्हतं;
तिची विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते.
त्या रात्री आईने सुई जरा जोरात खुपसली.
मुद्दाम नसेल.

सकाळी घरी आले. चहा गाळता गाळता
तिला सगळं सांगितलं. निकुंजचंही सांगितलं.
वाटलं, हीही म्हणेल, गाडी आहे ना.
तिने गाळणं आपटून चोथा काढला.
"गाडीत? एकसष्टाव्या वर्षी?
मग पाय कुठे लांब करते ती?"

हे डॉक्टरने सांगितलं नव्हतं.