ब्लडकर्डलिंग

शाळेतून दहा शब्द आलेत, वाक्यात उपयोग करा.
ब्रायोनी नवव्यावर अडलीय.
चीजच्या खोलीत उलट्या बादलीवर बसून
पेन्सिलीचं मागचं टोक चावतेय.

आपल्या भाषेत रक्त गोठतं,
म्हणजे थंडीचं काम.
सळसळतं, उसळतं,
आटतंसुद्धा, दुधासारखंच.
पण ते दह्यासारखं लागतं
असं आपण कधी म्हटलं नाही.
यॉर्कशरच्या या दरीत म्हणतात.
माणसांपेक्षा गाई जास्त, म्हणून असेल.

ब्रायोनी लिहिते: पडक्या मठातल्या भुतानं
ब्लडकर्डलिंग किंकाळी फोडली.
थर्झाआत्या कोपरापर्यंत हात धुता धुता ऐकते.
"किंकाळीनं काय होणार गं?
दूध कधी ओरडून लागलंय?"

दाखवते:
हौदाएवढं भांडं, हाताला जेमतेम कोमट,
त्यात चमचाभर रेनेट.
मग हलवायचं नाही. दारही आपटायचं नाही.
चाळीस मिनिटं वरून काहीच कळत नाही.
आणि मग सुरी घातली, की
दूध सुरीमागे मिटत नाही.

"कथबर्ट वरच्या कुरणात होता, गवत कापत.
ट्रॅक्टरचा आवाज जायचा, यायचा,
दगडी कुंपणापाशी वळताना जरा दम खायचा.
मी इथंच, साचे घासत.
मग आवाज एकाच जागेवरून यायला लागला.
वाढला नाही. बंदही पडला नाही.
एकाच जागेवरून, एका सुरात.
मी आणखी तीन साचे घासले.
चौथा हातात तसाच."

पुढचं ती सांगत नाही.
सुरी पुसते.

ब्रायोनी खोडरबर फिरवते.
किंकाळी जाते, मठ जातो,
भूत थोडंसं राहतं कागदावर.
त्याच्यावरच लिहिते:
ट्रॅक्टरचा आवाज ब्लडकर्डलिंग होता.

सोमवारी वही परत.
ट्रॅक्टरखाली लाल नागमोडी रेघ,
समासात मिस ऑकेंडेनचं सुबक अक्षर:
विशेषण जरा जास्तच होतंय, नाही का?

थर्झाआत्या चष्मा लावून वाचते,
वही लांब धरून पुन्हा एकदा.
"बरोबर आहे तिचं," म्हणते,
"तिला कुठं ऐकू आला?"
आणि परवाची चीजं
पालथी करायला निघून जाते.