ताबा-पावती

रजिस्टरात ते असे आहेत:
घोडे, भाजलेली माती, नग सात.
एकाचा डावा कान नाही.
मिळाल्याचं ठिकाण: छोटा उदेपूरकडचं रान.
देणाऱ्याचं नाव:
आणि इथे एक आडवी रेघ.

त्या रेघेवर मी अडीच वर्षं काम केलं.
अठ्ठेचाळीस पत्रं. तीन सह्या,
त्यातली एक निवृत्त साहेबांची.
त्यांच्यासाठी दांडिया बाजारात चार जिने चढले,
तर आधी विचारतात, तुम्ही रावपुऱ्यातल्या खोपकरांच्या का?
मग चहा. मग त्यांची शुगर.
मग सही.

समितीत कुणी म्हणालं, पण कवांटचा कुंभार
आजही हुबेहूब असेच घोडे करतो की,
घेऊन टाका नवे, आम्ही पैसे देऊ.
नारसिंगभाई राठवा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते.
म्हणाले, साहेब, नवस फेडणारा केव्हाच गेला.
घोडा तुमच्याकडे उभाय
अर्ध्या रस्त्यात.

अर्जाचा रकाना अकरा:
परत नेल्यावर वस्तू कुठे ठेवणार?
तापमान, आर्द्रता, कुलपाची व्यवस्था.
नारसिंगभाईंनी लिहिलं, महुडा नीचे.
घरी माझ्या वहीत मी ते मराठीत उतरवलं, मोहाखाली,
आणि दिवा मालवायच्या आधी
पुन्हा वाचलं तेव्हा
ते माझ्याबद्दल होतं.

एकोणीस वर्षं मी त्यांची धूळ झटकत आले.
उंटाच्या केसांचा ब्रश, पाठीवरून शेपटीकडे.

एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती गेटपासच्या दिवशी सांगितली:
पूर्वी कीड लागू नये म्हणून
यांच्यावर पावडर मारलीय, विषारी,
मुलांना हात लावू देऊ नका, निदान धुतल्याशिवाय.
मातीला कसली कीड, असं कुणी विचारलं नाही.
गमजी बडव्यानं एक घोडा नाकाशी नेला,
बराच वेळ हुंगला.
म्हणजे आजारी होते, म्हणाला.
औषध कुणी दिलं?
आम्हीच.
आजार?
मी ट्रेमधला कापूस उगाच सारखा केला.

पोटावरचे आकडे मीच पुसले, अ‍ॅसिटोननं.
सहा निघाले. कान नसलेल्याचा निघेना,
शाई आत मुरलेली.
झुमलीबेन म्हणाली, असू दे बेन,
चुकलेलं ढोर डागावरूनच सापडतं.

डभोई, बोडेली, ओरसंगवरचा पूल.
टेम्पोत फोमच्या खाचांमध्ये सात घोडे, मध्ये मी,
हात नकळत खोक्यावर, खड्डा आला की.

मोहाखाली आधीच दीडएकशे असतील.
नवे, लालभडक. जुने, शेवाळलेले.
कुणाला पाय नाहीत, कुणी नुसती मान,
मुळांनी दोघातिघांना अर्धं गिळलेलं.
माझ्या तोंडून निघून गेलं, पावसात फुटतील.
फुटतील, गमजी म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, मुलं मोठी होतील.

त्यानं काय केलं, काय म्हटलं, ते मी लिहिणार नाही.
अहवालातही लिहिलं नाही.
नंतर पावती काढली:
'वस्तू सुस्थितीत मिळाल्या.'
स्टॅम्पपॅड टेम्पोत राहिलं होतं,
त्यानं अंगठा गेरूत बुडवला.
निघताना सवयीनं मोजायला गेले.
पाच सापडले.
कान नसलेले तर तिथे कितीतरी होते.

बडोद्याला पोचले तेव्हा गॅलरी बंद झालेली.
हिराभाई फडकं घेऊन कपाटापाशी थांबलेला.
फळीवर धुळीत अठ्ठावीस खुरांच्या
स्वच्छ गोल जागा.
पुसून घेऊ, मॅडम?
सोमवारी, मी म्हटलं.

त्यानंतर सोमवार झालेत,
तीन.