कानामात्रेचा फरक

तार्तूत नोव्हेंबर. चारलाच अंधार.
पत्रसंग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर
मेरिके एका ओळीकडे बघत बसली आहे:
'मजकूर द्या, हॅश मिळेल.'
टूल बनवणाऱ्या पोराने एवढंच लिहून
हात झटकले होते.
पोरगा हुशार. आता हेलसिंकीत असतो.
फोन केला तर म्हणाला,
कोड वाचा ना, सगळं त्यातच आहे.

पण हे टूल माणसांसाठी नव्हतंच कधी.
रात्री एजंट येतात,
ती ओळ वाचतात, तिच्यावर विश्वास ठेवतात,
आणि एकेका पत्राला
चौसष्ट अक्षरांचा ठसा देऊन पुढे सरकतात.
शंका विचारायला ते थांबत नाहीत.
शंका घेता येईल असं
त्या ओळीत काही नव्हतंच.

मंगळवारी हेल्गी साआर आली होती,
हिउमा बेटावरून, आधी बोट मग बस,
पिशवीत एक कागद.
वडिलांचं पत्र, हेरिंगच्या बोटीवरून, अठ्ठावन्न सालचं.
मूळ प्रत तुमच्याकडे दिली होती आईने.
भाच्याने टाइप करून पाठवलं तर
तुमच्या यंत्राचं उत्तर आलं:
असं पत्र आमच्याकडे नाही.
नम्रपणे आलं. शेवटी आभारही होते.

पत्र होतं.
खोका एकशे बारा, निळी सुतळी.
शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम.
ठसे मात्र दोन,
एकमेकांना ओळख न देणारे,
जत्रेत हरवलेल्या भावांसारखेसुद्धा नाहीत,
त्यांची नाकं तरी जुळतात.

त्यांच्या भाषेत एक अक्षर आहे,
मला ते देवनागरीत लिहिता येत नाही.
खाली गोल, डोक्यावर लाट.
'ओ' म्हणायला निघावं
आणि ओठांनी ऐनवेळी गोल व्हायला नकार द्यावा,
तसा काहीसा उच्चार.
संध्याकाळ या शब्दाची सुरुवात त्यानेच होते,
आणि बोटीवरच्या माणसाने
सतरा वेळा संध्याकाळ लिहिली होती.

संग्रहालयाच्या प्रतीत ते अक्षर एकसंध.
भाच्याच्या जुन्या यंत्राने
गोल वेगळा ठेवला, लाट वेगळी.
डोळ्याला दोन्ही सारखीच.
डोळा मोठ्या मनाचा असतो,
हॅश नसतो. त्याचं कामच ते.
आपण सहज म्हणून जातो,
कानामात्रेचाही फरक नाही.
इथे फक्त तेवढाच होता.

म्हणून मेरिके लिहिते आहे. कॉफी गार झाली.
लिहिते: मजकूर आहे तसा घेतला जातो,
आम्ही काहीही सारखं करत नाही,
तुम्ही आधी करा, असं करा, हे उदाहरण.
लिहिते: शेवटची रिकामी जागाही मोजली जाते.
लिहिते: ठसा जुळला नाही म्हणजे
'मजकूर नाही' असं नव्हे,
'हीच अक्षरं, याच क्रमाने, सापडली नाहीत' एवढंच.
हे वाक्य ती तीनदा खोडते.
वाचणारा थकणारा नाही, कंटाळणारा नाही,
तरी त्याच्यासाठी सोपं लिहिणं
सोपं नाही.

मग एक ओळ, जिच्यापाशी ती जरा थांबते:
काहीच न दिलं तरी हॅश मिळतो.
रिकाम्याचाही ठसा असतो,
दर वेळी तोच, पूर्ण चौसष्ट अक्षरं.
त्याला उत्तर समजू नका.

गुरुवारी तिने बेटावर फोन लावला.
पत्र सापडलं, म्हणाली,
आणि गोलाचं, लाटेचं सगळं सांगितलं.
पलीकडे बराच वेळ फक्त वारा.
मग हेल्गी म्हणाली,
शाळेत आम्हाला असंच शिकवलं होतं बाई,
आधी गोल काढायचा, हात उचलायचा,
मग लाट.
बाबाही तसंच लिहायचे.
म्हणजे भाच्याचं यंत्र
चुकलं नव्हतंच की.

मेरिकेने पान पुन्हा उघडलं.
हे कुठल्या ओळीत घालायचं,
तिला अजून ठरवता आलेलं नाही.